पावती आली, पण बेरीज कोण करणार?



पूर्वी उसाच्या वजनाची पावती घरात आली की ती खुंटीला टांगलेल्या तारेत खोवली जायची. हंगाम सरेपर्यंत तारेवर पावत्यांचा घोस व्हायचा. बिल आले की घरातली जाणती माणसं तो घोस खाली उतरवायची, पावत्या तारीखवार लावायची आणि शाळेत जाणाऱ्या पोराला समोर बसवून बेरीज करून घ्यायची. जमली तर बरं. नाही जमली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल गट ऑफिसच्या दारात उभी. त्या तारेला कुणी हिशेबाची यंत्रणा म्हणत नव्हतं, पण ती यंत्रणाच होती.

आता ती तार गेली. काट्यावर वजन झाले की फोनवर संदेश येतो आणि ज्यांनी पत्ता नोंदविला आहे त्यांना इ-मेलने पत्रही येते. पंधरवड्याचे बिल, त्यातल्या वजावटी, सोसायटीकडे वळती झालेली रक्कम, बँकेत जमा झालेली रक्कम, सगळे इ-मेलने येते. सुधारणा चांगलीच आहे. कागद भिजत नाही, उंदीर कुरतडत नाहीत. पण त्याचबरोबर एक गोष्ट घडली, तिच्याकडे सभासदांचे लक्ष वेधावे म्हणून हा लेख. पावती वेळेवर येऊ लागली आणि घरातली बेरीज बंद पडली.

कारण उघड आहे. चार एकर उसाच्या सभासदाला हंगामात आठ-दहा खेपांच्या वजनाची पत्रं येतात. त्यावर बिलांची, वजावटींची, हप्त्यांची. पाच हंगामांची मिळून ती पन्नास-साठ होतात. आणि ही पन्नास-साठ पत्रं कुठे पडलेली असतात? तर विम्याच्या, कर्जाच्या, मोबाईल कंपन्यांच्या आणि कुणाकुणाच्या हजारो जाहिरातींच्या ढिगात. काही तर नको असलेल्या टपालाच्या खणात जाऊन पडतात. त्यातून एकेक पत्र हुडकून, उघडून, वहीत आकडा उतरवून घ्यायला कुणाला सवड आहे? मग आपण म्हणतो, आलंय ना सगळं फोनमध्ये, बघू कधीतरी. हे कधीतरी उगवत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : हे हुडकण्याचे आणि उतरवून घेण्याचे काम संगणकाच्या एका छोट्या आज्ञावलीने, म्हणजे ज्याला मुलं स्क्रिप्ट म्हणतात तिने, पाच मिनिटांत होते. ही आज्ञावली वीस-पंचवीस ओळींची असते. ती लिहू शकतील अशी मुलं-मुली आता आपल्या गावागावांत आहेत. आणि ती आपल्या घरात, आपल्या देखरेखीखाली लिहिली गेली पाहिजे. तिच्यासाठी आपल्या टपालपेटीची किल्ली परक्याच्या हाती देऊ नये.

ही काही आकाशातून पडलेली विद्या नव्हे

संगणकाचे नाव काढले की आपल्यातले जुने सभासद हात झटकतात. पण मजकुराच्या ढिगातून हवी ती ओळ उचलायची आणि तक्त्यात मांडायची, हे संगणकाचे जुने आणि साधे काम आहे. १९८७ साली लॅरी वॉल यांनी पर्ल नावाची संगणकभाषा तयार केली ती मुख्यतः मजकुरातून माहिती वेचून अहवाल मांडण्यासाठी. १९९१ साली गिदो व्हॅन रॉसम यांनी पायथन ही भाषा लोकांपुढे ठेवली. आज कॉलेजातली मुलं तीच शिकतात. टपालपेटी उघडण्याची, पत्र वाचण्याची आणि तक्ता लिहिण्याची साधने पायथनबरोबर फुकटच येतात. एक पैसा खर्च नाही.

काम चार पायऱ्यांचे आहे. पहिली, टपालपेटी उघडणे. दुसरी, कारखान्याच्या पत्त्यावरून आलेली आणि अमुक तारखेनंतरची पत्रं तेवढी वेगळी काढणे. तिसरी, प्रत्येक पत्रात 'निव्वळ वजन' हे शब्द कुठे आहेत ते शोधून त्यापुढचा आकडा उचलणे. तसाच पावती क्रमांक, वजनाची तारीख, वाहन क्रमांक, भरलेले वजन आणि रिकामे वजन. चौथी, हे सगळे एका ओळीत लिहून तक्त्याची फाईल करणे. तक्ता झाला की बेरीज संगणकच करतो. आपली तार आणि समोर बसवलेलं पोर, दोन्ही त्यात आली.

ज्यांचे खाते गुगलचे आहे त्यांना दुसरीही वाट आहे. गुगलच्या तक्त्यातच आज्ञावली लिहिण्याची सोय आहे. ती आपल्याच खात्यात चालते, त्यामुळे वेगळी किल्ली कुणाला द्यावी लागत नाही. चालवताना ती टपाल वाचण्याची परवानगी मागते. आपण स्वतः लिहिली असेल तरच ती द्यावी.

बेरीज करून काय मिळणार?

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? कारखाना आपला, काटा आपला, माणसं आपली. बरोबर आहे. पण आपला म्हणूनच हिशेब बघायचा असतो. सहकारात सभासदाने हिशेब बघणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने सभासदाला संस्थेच्या दप्तरातला त्याच्या स्वतःच्या व्यवहाराचा भाग कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा हक्क दिलेला आहे. हक्क कायद्यात आहे, पण तो बजावायला जाताना हातात आपला स्वतःचा तक्ता पाहिजे. मोकळ्या हाताने गेलं तर विचारणार काय?

तीन गोष्टी तक्त्यावरून लगेच कळतात, त्या सांगतो.

पहिली, वजनाची. भरलेल्या गाडीचे वजन २७.४६० टन, रिकामीचे ८.१४० टन, तर निव्वळ ऊस १९.३२० टन. ही वजाबाकी आज्ञावली प्रत्येक पावतीत पुन्हा करून बघते. पण खरी मेख पुढे आहे. एकच ट्रॅक्टर आणि त्याच ट्रॉल्या हंगामभर आपल्या गटात फिरतात. तेव्हा त्यांचे रिकामे वजन दर खेपेला जवळपास सारखे यायला हवे. एके दिवशी ८.१४० आणि दुसऱ्या दिवशी ८.६०० आले, तर ४६० किलोचा फरक पडला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. त्या दराने हा फरक १,६३३ रुपयांचा होतो, एका खेपेला. चाकाला चिखल असेल, टाकीत डिझेल जास्त असेल, दोर-साखळ्या गाडीतच राहिल्या असतील. फरकाला सरळ कारणही असू शकते. पण विचारायला तरी हवे, आणि विचारायचे तर फरक आधी दिसायला हवा. एकेक पावती सुटी बघून तो जन्मात दिसत नाही. पावत्या एकाखाली एक मांडल्या की डोळ्यांत भरतो. गटातल्या दहा जणांनी आपापले तक्ते शेजारी ठेवले तर आणखी लवकर.

दुसरी, तारखेची. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशाप्रमाणे, दोघांत वेगळा लेखी करार नसेल तर, ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत मिळायला हवी. त्यापुढे जेवढे दिवस जातील त्यावर साल शेकडा १५ टक्के व्याज आहे. एक लाख रुपये १४ दिवसांनंतर आणखी ४० दिवस अडकले तर व्याज १,६४४ रुपये होते. हे आपल्याला तोंडपाठ असते, सभेत आपण ते जोरात सांगतोही. पण माझा ऊस अमुक तारखेला पोहोचला, पैसे अमुक तारखेला जमा झाले, मध्ये इतके दिवस गेले, असे खेपेवार सांगा म्हटले तर किती जणांना सांगता येईल? तक्ता असेल तर दिवस मोजणे ही एका वजाबाकीची बाब आहे.

तिसरी, वजावटींची. तोडणी-वाहतूक, सोसायटीची वसुली, ठेव, वेगवेगळे निधी. रकमा लहान लहान, पण दर बिलात. पाच हंगामांचा तक्ता केला की ठेवीपोटी आपले किती जमा आहेत ते एका ओळीत दिसते. ठेव ही आपली रक्कम आहे. तिचा आकडा आपल्या घरात लिहिलेला नसेल तर वारसांना तो कोण सांगणार?

आज्ञावली कुठे फसते

एवढे वाचून कुणी लगेच पोराला कामाला लावील. लावावेच. पण काही खड्डे आधीच दाखवून ठेवतो.

आकडे दोन लिपींत येतात. कधी मराठी, कधी इंग्रजी. पायथनला दोन्ही ओळखता येतात, पण लाखा-हजाराचा स्वल्पविराम आधी काढावा लागतो, नाहीतर आकडा तुटतो. इ-मेलचे १९८२ सालचे नियम साध्या इंग्रजी अक्षरांपुरतेच होते. इतर लिप्यांसाठी सांकेतिक बांधणीची सोय १९९२ साली झाली. म्हणून मराठी विषयाची ओळ आज्ञावलीला आधी अगम्य अक्षरांची गिचमिड दिसते. ती उलगडण्याचे साधन तयार असते. गिचमिड बघून पोरांनी घाबरू नये.

पत्राची तारीख आणि वजनाची तारीख एक धरू नये. रात्री उशिरा वजन झाले तर पत्र दुसऱ्या दिवशी निघते. १४ दिवस मोजायचे ते ऊस पोहोचल्यापासून, पत्र आल्यापासून नव्हे. म्हणून तारीख पावतीच्या मजकुरातूनच घ्यावी. तिथेही ०५/११ म्हणजे पाच नोव्हेंबर, अकरा मे नव्हे, हे संगणकाला बजावून सांगावे लागते.

एकच पावती दोनदा आली तर बेरीज फुगते. म्हणून पावती क्रमांक हीच ओळख धरावी आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरी ओळ लिहू नये. मात्र दुरुस्त पावती असेल तर जुनी पुसूनही टाकू नये. दोन्ही ठेवाव्या आणि समोर 'दुरुस्त' असे लिहावे.

सगळ्यांत मोठा धोका वेगळाच आहे. पत्राचा मसुदा बदलला, 'निव्वळ वजन'च्या जागी नुसते 'नक्त' आले, की आज्ञावली ते पत्र मुकाट्याने सोडून देते. आकडा कमी येतो आणि आपण ऑफिसात जाऊन भांडतो. म्हणून चांगली आज्ञावली शेवटी तीन आकडे सांगते : पत्रं सापडली इतकी, वाचता आली इतकी, न वाचता आली इतकी. न वाचता आलेली पत्रं वेगळी काढून माणसाने स्वतः वाचायची. हा नियम ज्या आज्ञावलीत नाही, तिच्यावर विसंबू नये.

आणि पहिल्या वेळी पाच पावत्या हाताने वहीत लिहून बेरीज ताडून बघावी. आजकाल मुलं अशी आज्ञावली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहून घेतात. घ्यावी, हरकत नाही. पण आपली पत्रं त्यात जशीच्या तशी ओतू नयेत, नाव आणि खाते क्रमांक बदलून एक नमुना द्यावा. आणि कुणीही लिहून दिली तरी त्या पाच पावत्यांचा ताळा चुकवू नये.

किल्ली कुणाकडे?

आता जे सांगणार आहोत ते विशेष लक्ष देऊन वाचावे. आपल्यातल्या कित्येकांचे इ-मेल खाते कुणी उघडले? तालुक्याच्या दुकानदाराने, कुठला तरी अर्ज भरताना. संकेतशब्द त्याच्याच वहीत. कित्येक भगिनी सभासदांच्या नावावर ऊस आहे, शेअर आहे, पण नोंदविलेला पत्ता दिराचा नाहीतर भाच्याचा. म्हणजे ऊस एकाचा आणि पावती दुसऱ्याच्या पेटीत. हे आधी दुरुस्त करावे. पत्ता स्वतःचा, संकेतशब्द स्वतःचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी घरातल्या विश्वासाच्या माणसाला समोर बसवून बघावे, पण खाते आपल्याच नावाचे ठेवावे.

त्याच पेटीत बँकेची पत्रं असतात, सात-बाराची असतात, मुलीच्या कॉलेजची असतात. 'तुमचे टपाल लावून देतो' म्हणत जी मोबाईल ॲप्स येतात, त्यांतली बरीच सगळी पेटी वाचण्याची परवानगी मागतात. वजनाच्या दहा पत्रांसाठी सगळे घर उघडून द्यायचे कारण नाही.

आपली आज्ञावली संगणकावरून चालवायची असेल तर खात्याचा मूळ संकेतशब्द तिच्यात लिहू नये. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या आज्ञावलींना नुसत्या मूळ संकेतशब्दावर आत घेणे बंद केले. त्याऐवजी दोन टप्प्यांची ओळख चालू करून सोळा अक्षरांची वेगळी किल्ली काढता येते. काम झाले की ती रद्द करता येते. पण ध्यानात ठेवा, ही किल्लीही सगळी पेटी उघडते. म्हणून आज्ञावलीत पेटी 'फक्त वाचण्यासाठी' उघडावी, म्हणजे एकही पत्र पुसले जाणार नाही, हलणार नाही आणि न वाचलेले पत्र वाचलेले म्हणून दिसणार नाही. किल्ली चालवणारा मुलगा शेजारचा असेल तर काम संपेपर्यंत आपण शेजारी बसावे. त्यात त्याचा अपमान नाही. काट्यावर गाडी चढते तेव्हा आपण उभे राहतोच ना?

आणखी एक. पत्रं पेटीत आहेत म्हणजे कायमची आहेत असे नव्हे. गुगलने २०२३ साली नियम केला, की जे वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरलेच नाही ते पुसले जाऊ शकते. केवळ पावत्यांसाठी उघडलेली आणि पुन्हा न पाहिलेली खाती आपल्याकडे कमी नसतील. तेव्हा तक्ता काढून त्याची कागदावर एक प्रत हंगामाच्या शेवटी ट्रंकेत ठेवावी. तार गेली तरी ट्रंक आहे.

कारखान्याने काय करावे

सभासदांना सांगून झाले, आता आपल्या कार्यालयालाही चार शब्द. सभासदाने तक्ता करावा आणि कारखान्याने दर हंगामात पत्राची मांडणी बदलावी, हे बरे नाही. आमची सूचना अशी, की सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेत पुढील ठराव सभासदांनी मांडावा.

एक, वजनपावतीच्या आणि बिलाच्या पत्राचा मसुदा ठरवून द्यावा; बदल करायचा झाल्यास हंगाम सुरू होण्यापूर्वी या वार्तापत्रातून जाहीर करावा. दोन, आकडे पत्राच्या मजकुरात असावेत. पावतीचे नुसते छायाचित्र जोडू नये, कारण छायाचित्रातला आकडा साध्या आज्ञावलीला वाचता येत नाही. तीन, दुरुस्तीच्या पत्रात मूळ पावतीचा क्रमांक असावा. चार, बिलात प्रत्येक वजावट स्वतंत्र ओळीत, आणि कोणकोणत्या पावत्यांचे हे बिल आहे त्यांचे क्रमांक खाली. पाच, गट ऑफिसात आठवड्यातून एक दुपार एक संगणक सभासदांसाठी मोकळा ठेवावा. याला नवीन इमारत लागत नाही, सल्लागार लागत नाही. इच्छा लागते.

यात कार्यालयाचाही फायदा आहे. आज सभासद येतो आणि म्हणतो, 'माझं वजन कमी लागलंय.' कुठल्या खेपेचं, तर सांगता येत नाही. मग शब्दाने शब्द वाढतो. उद्या तोच सभासद अमुक क्रमांकाची पावती घेऊन येईल आणि या गाडीचे रिकामे वजन आदल्या खेपेपेक्षा ४६० किलो जास्त का, एवढेच विचारील. त्या प्रश्नाला उत्तर देता येते. चूक असेल तर दुरुस्त करता येते, नसेल तर कारण दाखवता येते.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला आता पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. ऊस पिकविणारानेच कारखान्याचा मालक व्हावे, ही त्यामागची कल्पना. मालक म्हणवून घ्यायचे आणि आपल्या मालाचे वजन, दिवस, वजावट दुसऱ्याला विचारायची, हे मालकाला शोभत नाही.

हंगाम तोंडावर आला की आपण कोयते-गाड्यांची, रस्त्यांची, मुकादमाच्या उचलीची तजवीज करतो. यंदा त्या यादीत आणखी एक काम घालावे. घरातल्या शिकत्या मुला-मुलीला एक दुपार मागून घ्यावी, गेल्या हंगामाची पत्रं काढायला सांगावी आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीतली बेरीज आपण स्वतः मोठ्याने वाचावी. ती कारखान्याच्या आकड्याशी जमली तर समाधान आहे. नाही जमली तर गट ऑफिस सकाळी उघडतेच.